बालसखाच्या चारशे बारा प्रती

३ फेब्रुवारी, सोमवार

आज शरयूने दिवाणाखालचे गठ्ठे ओढून बाहेर काढले आणि विचारलं, "यांचं काय करायचं?" हा प्रश्न गेली सत्तावीस वर्षं तिने दर दिवाळीला विचारला आहे, फेब्रुवारीत पहिल्यांदाच. कारण असं की मे महिन्यात मुलगा देवेश पुण्याहून सहकुटुंब येणार. नात इरा आता पाच वर्षांची आहे, तिला खेळायला जागा हवी, आणि मागची खोली माझ्या पुस्तकांनी अडवली आहे.

पुस्तकांनी म्हणजे एकाच पुस्तकाने. 'रजतरश्मी', बालकवितासंग्रह, कवी 'बालसखा'. सत्तावीस वर्षांपूर्वी पाचशे प्रती छापल्या. अठ्ठ्याऐंशी वाटल्या, चारशे बारा उरल्या. बालसखा म्हणजे मी, हे घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

"शुक्रवारी रद्दीवाला येतो," शरयू म्हणाली.

"अगं, ते वाङ्मय आहे."

"असू द्या हो. वाळवी काही वाङ्मय बघून लागत नाही."

शेवटी तह झाला. एप्रिलअखेर मी सेवानिवृत्त होतो. तोवर शाळेतल्या एका तरी लेकराने हे पुस्तक आपल्या मनाने घरी नेलं, वाचलं आणि पुन्हा मागितलं, तर गठ्ठे राहतील. नाहीतर रद्दीत. 'आपल्या मनाने' यावर तिचा फार जोर. म्हणे, तुम्ही छडी दाखवून न्यायला लावाल. गेली बारा वर्षं मी छडी वापरलेली नाही, नुसती टेबलावर ठेवतो.

वेळ मात्र बरी जमून आली आहे. वरून परिपत्रक आलं: सत्तावीस तारखेला मराठी भाषा गौरव दिनी केंद्रप्रमुख मॅडम भेट देणार. चौथीच्या मुलांना साहित्याचे प्रकार ओळखता आले पाहिजेत, आलंकारिक भाषा कळली पाहिजे, वर्गात वाचनकोपरा पाहिजे. आमच्या धामणखेडच्या शाळेत चौथीला एकोणीस मुलं. घरोघरी भाजीपाला आणि दावणीला एखादी म्हैस. यांना मी आलंकारिक भाषा शिकवायची. करतो बाप्पा. 'रजतरश्मी'ची एक प्रत पिशवीत टाकली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाचनकोपऱ्याला कपाट नाही. अर्जुनराव भाजीवाल्यांनी प्लॅस्टिकचे चार रिकामे क्यारेट दिले, टमाट्याचा वास असलेले. त्यांत पुस्तकं लावायची. मी कथा, कविता, नाटक, चरित्र असे प्रकार समजावून दिले, मुलांना म्हटलं आता तुम्ही निवड करा, आणि पोषण आहाराची नोंद करायला ऑफिसात गेलो. चूक केली ती इथे.

परत येऊन बघतो तर संजीवनी कमरेला ओढणी खोचून मुकादमासारखी उभी. तिचा बाप खामगावच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, माल नेतो. तिने क्यारेटांवर खडूने लिहिलं होतं: 'आजच्या आज', 'आठवडाभर', 'बियाण्याले', 'ढोराले'.

"हे काय आहे?"

"निवड केली ना सर. विनोद अन् कोडे आजच्या आज खपले पायजे. एकदा आयकले की शिळे. गोष्टीचे पुस्तक आठवडाभर टिकते. अन् जे वाचून आपल्याले बी काही करा वाटते, ते बियाण्याले ठेवलं."

"आणि ढोराले?"

"फाटके, किडके. अन् ते तीन पाणलोट विकासाचे."

मी डोकं धरलं. पोरांना वाङ्मयप्रकार सांगावे तर त्यांनी बाजार मांडला. खडू पुसून त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली: कथा, कविता, चरित्र, माहितीपर.

'रजतरश्मी' कुठल्याच क्यारेटमध्ये नव्हतं, माझ्या टेबलावर ठेवलेलं होतं. सहज विचारावं तसं विचारलं, "हे कसं राहिलं?"

"सर, हा माल कोणत्या झाडाचा हाये तेच कळून नाही राह्यलं. हे बालसखा कोण होय?"

"फार मोठे कवी आहेत."

"जिवंत हाये?"

मी पुस्तक उचलून कवितेच्या क्यारेटमध्ये टाकलं, अगदी वर.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज उपमा घेतली. फळ्यावर लिहिलं, 'तिचे मुख कमळासारखे आहे.' कमळ कोणी बघितलंय विचारलं, तर कोणीच नाही. मग म्हटलं, तुम्ही सांगा, कोण कशासारखं दिसतं.

गोकुळ म्हणाला, "आमच्या आबाचं डोस्कं घासलेल्या पितळी गंजावानी चमकते." संजीवनी म्हणाली, "माह्यी मोठी माय लवंगी मिरचीवानी हाये, दिसते बारकी पण सारं घर ठसकते." मागून कोणीतरी सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, घसरलं, "आमचा मामा सांबारावानी हाये सर. साऱ्या भाजीत असते, पण एकट्याले कोणी विचारत नाही." वर्ग खिदळायला लागला. मी म्हटलं, उपमा सुंदर असली पाहिजे, उदात्त असली पाहिजे. तासभर घसा कोरडा केला, पण एकही उपमा मिळाली नाही.

शेवटी माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "तुम्हाला शिकवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!" मग लगेच म्हणीचा अर्थही सांगितला, परिपत्रकात म्हणी आहेतच. गाढवासमोर कितीही उत्तम वाचा, त्याला काडीचा फरक पडत नाही.

शाळा सुटल्यावर अपेक्षा मागे थांबली. ही अर्जुनराव भाजीवाल्यांची मुलगी, शेवटच्या ओळीत बसते. गेल्या वर्षी तिला वाचायला उभी केली तेव्हा एका ओळीत तीनदा अडखळली. वर्ग हसला. मीही हसलो, हसू आलं त्याला काय करणार. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. प्रगतिपुस्तकात मी 'वाचन: अप्रगत' असं लिहून मोकळा झालो आहे. ती आज आपण होऊन बोलली म्हणून इथे लिहितो.

"सर, गाढव नसलं त म्हैस चालते का?"

म्हटलं चालते, हिंदीवाले म्हशीपुढेच बीन वाजवतात.

"अन् गीता नसली त?"

"कोणताही गहन ग्रंथ चालेल."

"आपल्यात सगळ्यात गहन कोणता हाये?"

मी नुसतं कवितेच्या क्यारेटकडे बघितलं. ती 'रजतरश्मी' घेऊन गेली. म्हणीचा अर्थ एवढा खोलात जाऊन विचारणारी ही पहिलीच.

घरी सांगितलं तर शरयू म्हणते, बघितलंत कशाला. बघण्यात कसली आली जबरदस्ती?

१२ फेब्रुवारी, बुधवार

अपेक्षाने पुस्तक परत आणलं आणि पुन्हा मागितलं! रजिस्टरमध्ये दोनदा नाव. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आवडलं का गं?"

"हो सर. घरी लय आवडलं."

घरी. म्हणजे एकटीला नाही, सगळ्या घराला. नवीन प्रत तिच्या हाती दिली आणि तिने आणलेली प्रत शरयूला दाखवायला घरी आणली. पानापानात चाऱ्यातल्या कुटाराच्या काड्या आहेत. वाचता वाचता खूण म्हणून ठेवल्या असणार, गरिबाच्या घरी कुठून येतात बुकमार्क.

शरयूने पुस्तक नाकाशी नेलं. "शेणाचा वास येतो आहे."

"शेतकऱ्याच्या घरून आलंय. अत्तराचा येईल का?"

"वाचलं कोणी?"

"घरच्यांनी."

"नक्की कोणी ते विचारा," म्हणाली आणि गठ्ठ्यांवर एक जुनी चादर टाकली. पूर्ण हार मानायची तिची तयारी नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अपेक्षाने आज मधल्या सुट्टीत शब्दांचे अर्थ विचारले. पहिलीच कविता, चंद्रावरची. मला स्वतःला ती फार प्रिय आहे:

हे सुधांशो, रजतवदना,
नभोमंडपी तव पदन्यास;
मंद मंद ये, मंद मंद ये,
तुजविण धरणी दीन उदास.

मी रूपक म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. ती ऐकत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे चांदीचं तोंड?"

"तोंड नाही, मुख म्हण."

"हो सर. अन् मंद म्हणजे हळू?"

म्हटलं हो, पण हळू म्हटलं की त्यातली गोडी जाते. ती मान हलवून गेली.

दुसरी बातमी याहून मोठी. गोकुळ, संजीवनी आणि आणखी चौघांनी 'रजतरश्मी' मागितलं. आपल्या मनाने! मी चादरीखालून आणखी सहा प्रती आणल्या. सात घरी बालसखा पोचला. निवृत्ती पाटलांच्या घरच्या मुलाने मात्र नेलं नाही. मोठं घर आहे, पण वाचनाची आवड नाही. म्हशी विकून ट्रॅक्टर घेतला त्यांनी, आता नुसता त्याचाच आवाज.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अपेक्षाच्या आजीने, अन्नपूर्णाबाईंनी, माझ्यासाठी स्टीलच्या डब्यातून लोणी पाठवलं. "पुस्तकाचं" एवढाच निरोप. सत्तावीस वर्षांत या पुस्तकाला मिळालेला हा पहिला मानसन्मान. शरयूने लोणी कढवलं, तूप उत्तम निघालं, आणि डब्याकडे बघत म्हणाली, "कवितेला लोणी का बरं पाठवलं असेल?" या बाईला प्रत्येक गोष्टीत शंका.

आणखी एक. आज अपेक्षा वर्गात उभी राहून धडा वाचत होती. मी सांगितलं नव्हतं, तिचा नंबर आला आणि ती उभी राहिली, एवढंच. संथ वाचलं, पण थांबली नाही. वृत्तबद्ध कवितेचा परिणाम वाणीवर होतो हे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शरयूने जाकीट इस्त्री करून ठेवलं. परवा मॅडमसमोर बालसखा कोण ते जाहीर करायचं ठरवलं आहे. चार वाक्यांचं निवेदन लिहून पाठ केलं. त्यात 'नम्र' हा शब्द तीनदा येतो, एक काढावा लागेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण डायरीशी खोटं बोलायचं तर ठेवायची कशाला.

मॅडम अकरा वाजता आल्या. आल्या आल्या एका क्यारेटची चिठ्ठी गळून पडली आणि खाली 'आजच्या आज' दिसलं. त्यांनी विचारलं, संजीवनीने सगळी निवड समजावून सांगितली, ढोरासकट. मॅडमनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "सगळ्यात जास्त कोणतं पुस्तक वाचता?" सगळा वर्ग एका आवाजात, "रजतरश्मी!" हाच क्षण. मी उठलो, घसा साफ केला, म्हटलं, "नम्रपणे सांगतो, बालसखा म्हणजे मीच."

गोकुळ म्हणाला, "आमाले ठाव हाये सर. मागच्या पानावर तुमचा पत्ता हाये."

ते जाऊ द्या. मॅडमनी अपेक्षाला वाचायला सांगितलं. तिने पुस्तक उघडलं पण बघितलं नाही. सुधांशो, रजतवदना, नभोमंडपी, एकाही शब्दाला अडखळली नाही. चारही कडवी म्हटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "घरी कोणाला वाचून दाखवतेस?"

"भुरीले."

"भुरी कोण? लहान बहीण?"

"म्हैस."

वर्गात कोणी हसलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला आणि मॅडमना नव्हतं. अपेक्षा पुढे म्हणाली, "सरांनी म्हटलं होतं, गाढवापुढं गीता वाचली त फरक पडत नाही. आमच्याकडे गाढव नाही. भुरीचं पिल्लू, तिची वगार, संक्रांतीत मेली, तवापासून ते धार काढू देत नव्हती, लाता मारे. म्या तिच्यापाशी बसून हे वाचलं, त उभी राह्यली. पान्हा सोडला. मंग रोज वाचलं." आणि माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे, "सर, ते म्हण चुकीची हाये. म्हैस आयकते."

"आमची बी आयकते," गोकुळ म्हणाला. "गोष्टीचं पुस्तक वाचून पाह्यलं मॅडम, नाही जमत. पुढं काय झालं म्हणून मधातच थांबा लागते. यात कळासारखं काही नाही, त थांबाच लागत नाही."

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. खोकला आल्याचं सांगितलं. खोकला नव्हता.

तेवढ्यात संजीवनीने विचारलं, "सर, मंग हे ढोराच्या क्यारेटात ठेवू का?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सातही प्रती परत मागवल्या. पिशवीत भरल्या. कारण सांगितलं नाही, मास्तरला कारण सांगावं लागत नाही. अपेक्षाने पुस्तक दोन्ही हातांनी दिलं आणि खाली बघत जागेवर जाऊन बसली.

शरयूला म्हटलं, पुढच्या शुक्रवारी बोलाव तुझा रद्दीवाला. काय झालं ते सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज येत नव्हता, म्हणजे हसतच होती. आल्यावर मात्र तिचा चेहरा सरळ होता. तिने चहा दिला आणि विचारलं, "ती पोरगी काय म्हणाली?"

"कोण पोरगी? म्हशीचं काय ते बोल."

सत्तावीस वर्षं कविता सांभाळली, ते कायले? म्हशीची धार काढाले. मले राग आला की माह्यी भाषा अशी होते. खोडायला पाहिजे, पण आज खोडत नाही.

३ मार्च, सोमवार

दुपारी वर्गाच्या दारात अन्नपूर्णाबाई उभ्या. डोक्यावर पदर, हातात रिकामा डबा. साठीच्या पुढच्या, शाळेची पायरी चढायची त्यांची ही पहिलीच वेळ, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

"गुरुजी, पुस्तक काऊन नेलं?"

"आजी, ते मुलांसाठी होतं. जनावरांसाठी नाही."

"तीन दिस झाले, भुरी आंगाले हात लावू देत नाही. ते जाऊ द्या, जनावर हाये, आज ना उद्या देईन. पण पोट्टी बी बोलून नाही राह्यली. घरात सारखी बडबड करे पंधरा-वीस दिस, आता गप. पोट्टी मुकी झाली त कसं करू मी?"

मी म्हटलं, पुस्तक कशाला पाहिजे, तिला तर सगळं पाठ आहे.

"पाठ हाये. पण म्हणते, सरांनी नेलं त म्हणू नाही. मले बी येते, पण माह्या आवाजानं भुरी फिरून पाह्यत नाही."

"तुम्हाला येते?"

बाईंना अक्षर वाचता येत नाही. त्यांनी डबा खाली ठेवला, पदर नीट केला आणि दारातच उभ्या राहून म्हटलं:

चांद्या माह्या, चांदीतोंड्या,
आभाळात तुह्ये पाय;
हळू हळू ये, हळू हळू ये,
तुह्याबिगर मी करू काय.

मी सवयीने म्हटलं, "आजी, हे चुकलं. ते 'धरणी दीन उदास' असं आहे."

"असंन बाप्पा. पोट्टीनं सांगितलं त्यातलं जेवढं समजलं तेवढं ठेवलं. धरणी मले नाही समजली. पण भुरीची वगार गेली ते समजलं."

त्यांना म्हटलं, उद्या संध्याकाळी धारेच्या वेळी पुस्तक घेऊन मीच येतो. त्या गेल्यावर चार ओळी हजेरीपटाच्या मागे लिहून काढल्या. तीनदा वाचल्या. 'धरणी दीन उदास' लिहिलं तेव्हा कोण उदास होतं, आठवून बघितलं. कोणीच नव्हतं, उदास शब्द पदन्यासला जुळत होता.

४ मार्च, मंगळवार

संध्याकाळी अर्जुनरावांच्या गोठ्यात गेलो. बसायला मला टमाट्याचा क्यारेट पालथा घालून दिला. भुरी मोठी, काळीभोर, एका शिंगाने वाकडी. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

अन्नपूर्णाबाई बादली घेऊन बसल्या. अपेक्षा खांबाला टेकून गप्प उभी. मला वाटलं, कवी स्वतः आला आहे तर कवीनेच वाचावं. मी उभा राहिलो, पुस्तक हातभर लांब धरलं आणि आकाशवाणीला शोभेल अशा आवाजात सुरुवात केली, "हे सुधांशो..."

भुरीने लाथेने बादली शेणात उडवली. माझ्या धोतराला नाही, पण जाकिटाला शेण लागलं. तेच इस्त्रीचं जाकीट.

"तुमच्यानं नाही होत गुरुजी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सरका तिकडं."

मी सरकलो. पुस्तक अपेक्षाकडे दिलं. ती घेईना. म्हटलं, "घे. मी रागावून नेलं होतं, चुकलं माझं." बत्तीस वर्षांच्या नोकरीत चौथीच्या मुलीला हे म्हणायची पाळी आली नव्हती. आजीने दुसरीकडे बघितलं, तेवढं बरं केलं.

अपेक्षा भुरीच्या गळ्याशी उकिडवी बसली. एक हात तिच्या मानेवर ठेवला आणि वाचायला लागली. आवाज मोठा नाही, गाणं नाही, साधं बोलल्यासारखं. मंद मंद ये, मंद मंद ये. भुरीने कान मागे घेतले, मान खाली सोडली, आणि थोड्या वेळाने बादलीत धारेचा आवाज यायला लागला. मी पहिल्यांदाच माझी कविता दुसऱ्या कोणाच्या तोंडून शेवटपर्यंत नीट ऐकली. पहिली दोन कडवी बरी आहेत. तिसरं काढायला पाहिजे होतं.

धार झाल्यावर तिला विचारलं, "एवढं छान वाचतेस, मग वर्गात वर्षभर का नाही वाचलंस?"

तिने पुस्तकातली काडी काढून खुणेच्या पानावर ठेवली.

"भुरी हासत नाही, सर."

चहा घेतला. काय बोललो आठवत नाही. येताना गाडी दोनदा बंद पडली, पेट्रोलचा खटका फिरवायचा राहिला होता.

५ मार्च, बुधवार

शरयूला आज सगळं सांगितलं. गेल्या वर्षी मी हसलो होतो तेही सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. ती मग म्हणाली, रजिस्टर आणलंय का? चष्मा लावून बसली.

"यात म्हशीचं नाव कुठे आहे?"

"कसं असेल?"

"अपेक्षाचं किती वेळा?"

"नऊ."

"आपल्या मनाने नेलं, वाचलं, पुन्हा मागितलं. ऐकणार कोण, याबद्दल आपल्या तहात काही नव्हतं." तिने रजिस्टर मिटलं आणि गठ्ठे स्वतः दिवाणाखाली ढकलले. देवेश बाहेरच्या खोलीत झोपेल, इरा दिवाणावर बसून खेळेल, असा निकाल दिला. रद्दीवाल्याला जुनी वर्तमानपत्रं आणि माझं जाकीट द्यायचं ठरलं. जाकिटाचा वास जात नाही.

प्रगतिपुस्तक काढून 'अप्रगत' खोडलं. त्या जागी काय लिहावं सुचलं नाही, म्हणून 'वाचते' एवढंच लिहिलं.

६ मार्च, गुरुवार

क्यारेटांवरच्या माझ्या चिठ्ठ्या काढल्या. संजीवनीने खडूने पुन्हा तिची नावं लिहिली. अन्नपूर्णाबाईंची कविता मी मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून नेली होती, खाली त्यांचं नाव टाकून. संजीवनीने ती वाचली आणि न विचारता 'बियाण्याले'मध्ये ठेवली. 'रजतरश्मी' टेबलावरच आहे, त्याचा निर्णय ती उद्या करणार आहे.

तास संपायच्या आधी तो पुठ्ठा घेऊन मी वर्गासमोर उभा राहिलो. म्हटलं, आज मी वाचतो, तुम्ही ऐका. चांद्या माह्या, चांदीतोंड्या, इथवर ठीक गेलं. तिसऱ्या ओळीनंतर 'तुह्याबिगर'ला अडखळलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलो. तिसऱ्यांदा अडलो तेव्हा गोकुळ फिसकन हसला, आणि मग सगळा वर्ग हसला.

अपेक्षा हसली नाही. शेवटच्या ओळीत बसल्या बसल्या तिने मला पुढचं सांगितलं.